डबक्यातली उत्क्रांती

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला वाघ किंवा माळढोक असा भारदस्त विषय शोभला असता. मी डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक प्राणी निवडला आहे आणि तो विचार करून निवडला आहे. आनुवंशिकतेचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती? उत्क्रांती माणसाच्या हयातीत घडताना दिसते का? रोग आणि रोगी यांची चढाओढ कशी चालते? तलावाचं पाणी हिरवं का पडतं? या चारही प्रश्नांवर गेल्या दीडशे वर्षांत अतिशय स्वच्छ पुरावा देणारा हा प्राणी आहे. शास्त्रीय नाव डॅफ्निया, मराठीत पाणपिसू.

पिसूशी तिचं नातं नाही. कोळंबी, खेकडे ज्या कवचधारी गटात येतात त्यातली ती. आकार अर्ध्या मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत. डोक्याशी फांद्यांसारख्या दोन लांब शृंगिका असतात, त्यांच्या फटक्याने ती उड्या मारल्यासारखी पोहते. डोळा एकच. अंगावरचं कवच काचेसारखं पारदर्शक. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पाणपिसू ठेवली, की पाठीशी धडधडणारं हृदय, आतड्यातून सरकणारं हिरवं शेवाळ, पाठीवरच्या पिशवीत वळवळणारी पिल्लं हे सगळं एकाच वेळी दिसतं. काही कापावं लागत नाही, रंगवावं लागत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तिच्या शरीरात हिमोग्लोबिन वाढतं आणि ती लालसर दिसू लागते, तेही नुसत्या डोळ्यांनी कळतं. 1669 साली हॉलंडच्या यान स्वामरडॅम यांनी तिचं वर्णन केलं, तेव्हापासून अभ्यासकांची नजर तिच्यावरून हटलेली नाही.

इथे एक खुलासा करून ठेवतो, कारण सभागृहात ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत. नारूच्या दिवसांत पाणी फडक्याने गाळून प्यायला सांगत, ते ज्या किड्यामुळे, तो सायक्लॉप्स. तोही कवचधारी, तोही त्याच पाण्यात राहणारा, पण वेगळा. नारूचा प्रसार पाणपिसूमुळे होत नव्हता. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, हे आपल्या सार्वजनिक आरोग्याचं मोठं यश आहे आणि ते गाळलेल्या पाण्याचं यश आहे.

आता पाणपिसूचं जीवनचक्र. आजच्या विषयाचं मूळ त्यातच आहे.

परिस्थिती अनुकूल असते तेव्हा डबक्यात फक्त माद्या असतात. नराविना त्या अंडी घालतात आणि त्या अंड्यांतून पुन्हा माद्याच निघतात. वीस अंश सेल्सियसला, खायला भरपूर असेल तर, साधारण आठवड्या-दीड आठवड्यात मादी वयात येते आणि पुढे तीन-चार दिवसांच्या अंतराने पिल्लं देत राहते. यातली प्रत्येक लेक जनुकांच्या दृष्टीने आईची प्रतिकृती असते. मग दिवस लहान होतात, गर्दी वाढते, अन्न कमी पडतं. तशी चाहूल लागली, की त्याच माद्या काही अंड्यांतून नर काढतात. जनुकं तीच, पण लिंग परिस्थिती ठरवते. त्यानंतर नर-मादीच्या मीलनातून वेगळ्या प्रकारची अंडी तयार होतात. ती सहसा दोन-दोनच्या जोडीने एका काळसर, कठीण पेटीत बंद होतात. आई कात टाकते तेव्हा ती पेटी सुटी होते आणि तळाला जाऊन बसते. ही अंडी वाळली, गोठली, गाळात गाडली गेली तरी टिकतात. पाणी आणि उजेड मिळाला की उबतात. आपल्या कोकणातल्या सड्यांवरची उथळ डबकी सात-आठ महिने कोरडी ठाक असतात आणि जूनच्या पावसानंतर काही दिवसांतच त्यांत कवचधारी जीव पोहताना दिसतात, तेही अशाच सुप्त अंड्यांच्या बळावर.

हुबेहूब प्रतिकृती आणि वर्षानुवर्षं टिकणारी अंडी, या दोन गोष्टी एका प्राण्यात एकत्र आल्या आणि जीवशास्त्राला प्रयोगाची अशी सोय मिळाली, जी उंदरात नाही, फळमाशीत नाही, माणसात तर नाहीच.

प्रतिकृतीचं आधी घेऊ. आपल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. उसाची लागण बेण्याने होते, केळीची मुनव्यांनी. को 86032 या जातीचा ऊस महाराष्ट्रभर उभा आहे आणि जनुकांपुरतं बोलायचं तर तो सगळा एकच ऊस आहे. तरी काळ्या कसदार जमिनीतलं त्याचं वजन आणि हलक्या मुरमाड जमिनीतलं वजन यांत केवढा फरक पडतो! बेणं एकच असताना पडलेला हा फरक जमिनीचा, पाण्याचा, खताचा. उलट एकाच शेतात, एकाच पाण्यावर दोन जाती लावल्या तर त्यांच्यात दिसणारा फरक जातींचा. हे दोन प्रयोग एकत्र केले तर काय होईल? म्हणजे अनेक जाती घ्यायच्या आणि प्रत्येक जात हलक्या ते भारी अशा प्रत्येक जमिनीत लावून बघायची?

जर्मनीतले रिचर्ड वोल्टरेक यांनी नेमकं हे पाणपिसवांवर केलं. काही जातींच्या पाणपिसवांच्या डोक्यावर टोपासारखा उंचवटा येतो. तो उन्हाळ्यात वाढतो, हिवाळ्यात बसतो. वेगवेगळ्या तळ्यांतल्या पाणपिसवांचे टोप वेगवेगळ्या उंचीचे दिसतात. वोल्टरेक यांनी निरनिराळ्या तळ्यांतून माद्या आणून प्रत्येकीचा वंश प्रयोगशाळेत वाढवला. प्रत्येक वंशाला कमी, मध्यम आणि भरपूर अन्न देऊन पाहिलं, टोप मोजले आणि अन्नाच्या प्रमाणानुसार टोपाची उंची कशी बदलते याच्या रेषा काढल्या. प्रत्येक वंशाची रेषा वेगळी आली. एक वंश थोड्याशा अन्नावरही टोप चढवतो, दुसरा भरपूर मिळेपर्यंत थांबतो. काही ठिकाणी दोन वंशांच्या रेषा जवळजवळ एकमेकींना टेकतात, तर इतर ठिकाणी खूप दूर जातात. 1909 साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि या रेषांच्या समूहाला एक नाव दिलं, ज्याला आपण प्रतिसादाचा पट्टा म्हणू.

श्रोतेहो, या ठिकाणी मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते आजच्या व्याख्यानातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आपण म्हणतो, खाण तशी माती. आपणच दुसऱ्या श्वासात म्हणतो, संगतीने बिघडला. वाद घालताना सोयीची म्हण पुढे करतो. वोल्टरेक यांच्या रेषा बघितल्या की कळतं, प्रश्नच चुकीचा मांडला जातो आहे. कुठल्या वंशाचा टोप उंच, या प्रश्नाला अन्न किती हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. अन्नाने टोप किती वाढतो, यालाही वंश कोणता हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही. आनुवंशिकतेने मिळतो तो टोप नव्हे, परिस्थितीला प्रतिसाद देण्याची रीत मिळते. त्याच 1909 साली डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी जनुक ही संज्ञा रूढ केली. वोल्टरेक यांना वाटलं होतं की आपल्या पाणपिसवा योहानसेन यांच्या कल्पनेला छेद देतात. योहानसेन यांनी दोन वर्षांनी उत्तर दिलं, की तुम्ही ज्याला प्रतिसादाचा पट्टा म्हणता तोच माझा जनुकीय वारसा. शास्त्राच्या इतिहासात इतका सभ्य आणि फलदायी वाद क्वचितच झाला असेल. नववी-दहावीच्या पुस्तकात मेंडेलच्या वाटाण्याशेजारी वोल्टरेकच्या रेषांचं एक चित्र यायला हवं. बुद्धी, जात, वंश यांविषयी आपल्याकडे जे बेजबाबदार बोललं जातं, त्याला त्या एका चित्राने आळा बसेल.

पुढे कळलं, की परिस्थिती म्हणजे केवळ अन्न आणि ऊन नव्हे. शत्रूही त्यातच येतो. काओबोरस नावाच्या डासासारख्या माशीची अळी पाण्यात राहते आणि पाणपिसवांची पिल्लं खाते. 1981 साली अमेरिकेतल्या क्रूगर आणि डॉडसन या संशोधकांनी दाखवलं, की ज्या पाण्यात ही अळी राहून गेली, नुसत्या त्या पाण्यात वाढलेल्या पिल्लांच्या मानेवर बारीक दाते येतात. अळी समोर असायची गरज नाही, तिचा गंध पुरतो. असे दाते आलेलं पिल्लू अळीच्या तोंडात सहज जात नाही. मग शत्रू नसताना दाते का ठेवत नाही? कारण ते वाढवायला शक्ती लागते, वेळ लागतो. त्या गंधाचं रसायन शोधून काढायला पुढची जवळजवळ चार दशकं गेली. 2018 साली ते हाती लागलं. अळीच्या पचनक्रियेतच तयार होणारी, ग्लुटामाइनला जोडलेली मेदाम्लं. पुढच्याच वर्षी माशांचा गंधही सापडला, तो त्यांच्या पित्तातला क्षार. या गंधाने पाणपिसवा दिवसा खोल अंधारात उतरतात आणि रात्री वर येऊन चरतात. शिकाऱ्याचं पोट ज्या रसायनावर चालतं, त्याच रसायनाने तो ओळखला जातो. ते लपवायचं तर त्याला पचनच बंद करावं लागेल. 1999 साली तर असंही दिसलं, की शत्रूचा गंध आईला मिळाला तर तिच्या पिल्लांचे टोप मोठे येतात, जरी ती पिल्लं स्वच्छ पाण्यात वाढवली तरी.

आता रोगाकडे वळू. 1882 साली मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून एली मेचनिकॉफ यांनी पाहिलं होतं, की फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा होतात. पण काटा म्हणजे रोग नव्हे. खऱ्या रोगात काय घडतं, हे त्यांना पाणपिसवेने दाखवलं. एका जातीच्या यीस्टचे सुईसारखे टोकदार बीजाणू पाणपिसू अन्नाबरोबर गिळते. ते आतड्याची भिंत भोसकून शरीराच्या पोकळीत शिरतात. तिथे रक्तपेशी त्यांच्यावर तुटून पडतात, त्यांना वेढतात आणि जिरवतात. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगते. बीजाणू सुटून अंकुरले तर यीस्ट वाढत जातं, पारदर्शक शरीर दुधाळ होतं आणि पाणपिसू मरते. ही लढाई मेचनिकॉफ यांनी जिवंत प्राण्यात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली आणि 1884 साली प्रसिद्ध केली. शरीर स्वतःच्या पेशींनी रोगाशी झगडतं, या सिद्धांताचा तो पाया होता. 1908 साली त्यांना पाउल एर्लिख यांच्यासोबत नोबेल मिळालं. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था उभी आहे ते वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. त्यांनीही सुरुवातीला एकपेशीय प्राण्यांच्या रोगांवर काम केलं होतं. 1897 साली प्लेगच्या मुंबईत लस टोचणाऱ्या माणसाचं शिक्षण सूक्ष्म जलचरांच्या सूक्ष्मदर्शकावर झालं होतं, हे आपण लक्षात ठेवावं.

मेचनिकॉफ यांनीच 1888 साली पाणपिसवेतला आणखी एक परजीवी नोंदवला. पास्तुरिया नावाचा जीवाणू. तो तिला लगेच मारत नाही, वांझ करतो. पिल्लांसाठी जायची शक्ती स्वतःकडे वळवतो आणि शेवटी लाखो बीजाणूंनी भरलेलं तिचं शरीर तळाच्या गाळात पडतं. हा जीवाणू पुढे पुन्हा येणार आहे.

कारण आता आपण गाळाकडे आलो आहोत.

1885 साली नॉर्वेचे गेओर्ग ओस्सियान सार्स यांनी एक विलक्षण प्रबंध प्रसिद्ध केला. कार्ल लुमहोल्त्स या प्रवाशाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधून आणलेला एका तळ्याचा वाळलेला गाळ त्यांनी घरच्या भांड्यात पाण्यात घातला आणि त्यातून जिवंत ऑस्ट्रेलियन पाणपिसवा निघाल्या. एका नव्या जातीला त्यांनी लुमहोल्त्सचं नाव दिलं. लांब काटेरी डोकं आणि तितकीच लांब शेपटी असलेली ही जात भारतातल्या तलावांतही राहते. 1990च्या सुमारास ती अमेरिकेत टेक्सासला पोचली आणि तिथून पसरली. पण सार्स यांच्या त्या भांड्यांतली खरी किमया अभ्यासकांच्या ध्यानात यायला शंभर वर्षं जावी लागली. वाळलेल्या गाळातून दुसऱ्या खंडातला जीव उठवता येतो, तर खोल गाळातून दुसऱ्या काळातला जीवही उठवता आला पाहिजे.

तळ्याच्या तळाशी गाळ वर्षावर्षाने थरावर थर बसतो. त्यात उभा नळ घालून अखंड गाभा बाहेर काढला, तर वरचा थर आजचा, खालचा आजोबांच्या काळातला. शिसे-210 या किरणोत्सारी समस्थानिकाच्या प्रमाणावरून थराचं वय काढता येतं. प्रत्येक थरात त्या-त्या वर्षाची अंडी असतात आणि त्यांतली काही अजून जिवंत असतात. ती उबवायची, त्यांचे वंश वाढवायचे आणि पणजीला पणतीशेजारी एकाच टेबलावर ठेवून बघायचं. हाडांचा सांगाडा बघून प्राणी कसा जगत असेल याचा अंदाज बांधावा लागतो. इथे अंदाजाची गरजच नाही, पूर्वज समोर पोहतो आहे.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर बोडेन सरोवर आहे.  विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते निर्मळ होतं. मग सांडपाणी आणि खतांमधलं फॉस्फरस वाढलं, आणि साठ-सत्तरच्या दशकांत विषारी नीलहरित शेवाळ माजलं. पुढे सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाली आणि सरोवर हळूहळू सुधारलं. अमेरिकेचे नेल्सन हेअरस्टन, जर्मनीचे विनफ्रीड लाम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाच्या थरांतून या सगळ्या काळातल्या पाणपिसवा उठवल्या आणि त्यांना विषारी शेवाळ मिसळलेलं अन्न दिलं. प्रदूषण वाढण्याआधीच्या पाणपिसवांची वाढ त्या अन्नावर फार मंदावली. प्रदूषणाच्या काळातल्या नातींना ते बरंच पचत होतं. 1999 साली हे प्रसिद्ध झालं. फरक पडायला हजारो वर्षं लागली नव्हती, एखाद-दोन दशकं पुरली होती. डार्विनला वाटलं होतं की नैसर्गिक निवड इतकी संथ असते, की ती चालताना दिसणार नाही. बोडेन सरोवराच्या गाळाने ती चालताना दाखवली.

बेल्जियममधल्या औड-हेवरली गावच्या एका मत्स्यतळ्यात आणखी नेमकं उत्तर मिळालं. या तळ्यात मासे कधी किती सोडले याची माहिती उपलब्ध होती. आधी मासे कमी, मग फार, मग पुन्हा कमी. ज्या काळात मासे फार होते त्या थरातल्या पाणपिसवा माशाच्या गंधाला जास्त दचकून उजेडापासून दूर जाणाऱ्या निघाल्या. त्याच तळ्यात दुसरा प्रयोग झाला तो पास्तुरिया जीवाणूवर. अंड्यांबरोबर गाळात या जीवाणूचे बीजाणूही थराथराने साठले होते आणि तेही जिवंत होते. एलेन देकास्टेकर आणि सहकाऱ्यांनी एका थराच्या पाणपिसवांना तीन प्रकारचे जीवाणू दिले: आधीच्या थरातले, त्याच थरातले आणि नंतरच्या थरातले. सर्वांत जास्त लागण केली समकालीन जीवाणूंनी. कालचा जीवाणू जुना पडला होता, कारण पाणपिसू त्याला चुकवायला शिकली होती. उद्याचा जीवाणू उद्याच्या पाणपिसवांसाठी तयार झालेला होता. दोघेही बदलत राहतात आणि तरीही कोणी कायमचा पुढे जात नाही. या कल्पनेला ली व्हॅन व्हेलन यांनी 1973 साली लुईस कॅरलच्या एका गोष्टीतल्या लाल राणीचं नाव दिलं होतं, पण तिचा काळाच्या ओघातला पुरावा मिळवणं अवघड होतं. 2007 साली तो एका गावतळ्याच्या गाळातून निघाला. नर-मादी मीलनाचा एवढा खटाटोप निसर्गाने का ठेवला, याचं एक उत्तरही त्यात आहे. नुसत्या प्रतिकृती काढत राहणारा वंश रोगाला सोपं लक्ष्य होतो.

आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या साउथ सेंटर सरोवरातून तर सुमारे 700 वर्षांपूर्वीची अंडी उबवली गेली. आपल्याकडे यादवांचं राज्य मावळत होतं, साधारण त्या काळातली ती अंडी. ते जीव आणि आजचे त्यांचे वंशज फॉस्फरस वेगवेगळ्या तऱ्हेने वापरतात, आणि हा बदल तिथे आधुनिक शेती सुरू झाली त्या काळापासूनचा आहे.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. गाळातली सगळी अंडी उबत नाहीत. जी उबतात तीच चिवट, म्हणून ती त्या काळच्या सगळ्या पाणपिसवांचे प्रतिनिधी असतीलच असं नाही. चांगले अभ्यासक अंड्यांतलं डीएनए थेट तपासून ही उणीव भरून काढायचा प्रयत्न करतात.

2011 साली पाणपिसूचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. कवचधारींमधला तो पहिला. तेव्हा जनुकांची संख्या 30,000च्या वर सांगितली गेली आणि वर्तमानपत्रांनी माणसाहून जास्त जनुकं असा मथळा दिला. पुढच्या, जास्त काटेकोर वाचनात ती सुमारे 18,000पर्यंत खाली आली. मथळा सगळ्यांच्या लक्षात राहिला, दुरुस्ती फार थोड्यांच्या.

तलावाच्या प्रश्नाकडे मला जरा जास्त वेळ द्यायचा आहे, कारण तो आपल्या दाराशी आहे. पाणपिसू पाण्यातलं शेवाळ गाळून खाते, आणि आकाराने मोठ्या जाती हे काम फार जोरात करतात. माशालाही नेमक्या मोठ्याच दिसतात. 1965 साली ब्रूक्स आणि डॉडसन यांनी अमेरिकेतल्या कनेटिकटच्या एका सरोवराचे 1942 आणि 1964 चे नमुने ताडून पाहिले. मधल्या काळात तिथे हेरिंगच्या कुळातला, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खाणारा मासा आला होता. मोठे प्लवक नाहीसे होऊन बारीकच तेवढे उरले होते. 1972 साली प्रयोगाच्या तळ्यांत गंबुसिया मासा सोडून पाहिला, तर पाणपिसवा संपल्या आणि पाणी शेवाळाने गढूळ हिरवं झालं. हाच गंबुसिया डासांच्या अळ्या खातो म्हणून 1928 साली भारतात आणला गेला आणि आजही सोडला जातो. हिवताप आणि डेंग्यू यांची भीती खरी आहे. विहिरीत, हौदात, बांधकामावरच्या टाकीत मासे सोडायला माझी हरकत नाही. पण नैसर्गिक तळ्यात, जिथे आधीच सांडपाणी येतं आहे, तिथे असे मासे ओतणं म्हणजे शेवाळ खाणाऱ्याला मारून शेवाळाला खत घालणं. पाणी हिरवं पडलं की आपण रसायन शोधतो. आधी तळ्यात कोण उरलंय ते बघायला हवं.

रसायनांच्या विषारीपणाची चाचणी तरी पाणपिसवेवरच होते. जगभर मान्य पद्धत अशी: चोवीस तासांहून लहान पिल्लं रसायनाच्या द्रावणात ठेवायची आणि 48 तासांनी किती हालचाल करू शकत नाहीत ते मोजायचं. दुसरी चाचणी 21 दिवसांची, तीत पिल्लावळ मोजतात. कीटकनाशकं, औषधं, कारखान्यांचं सांडपाणी, सगळं या चाळणीतून जातं. यातली प्रमाण जात समशीतोष्ण प्रदेशातली आहे आणि चाचणीचं पाणी 18 ते 22 अंशांचं. दख्खनच्या तलावातलं मे महिन्यातलं पाणी याहून पुष्कळ गरम असतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आपल्या पाण्यासाठी मर्यादा ठरवताना आपल्या जाती आणि आपलं तापमान धरायला हवं. हे काम कोणत्याही जिल्ह्याच्या महाविद्यालयात होण्यासारखं आहे.

आपला या इतिहासाशी संबंध नाही असं कोणी समजू नये. नागपूरला ज्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे ते स्टीफन हिस्लॉप हे धर्मोपदेशक होते, भूगर्भाचे जाणकार होते आणि पाण्यातले कवचधारीही गोळा करत. नागपूरच्या परिसरातून त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून विल्यम बेअर्ड यांनी 1859 साली लंडनमध्ये नव्या जातींचं वर्णन केलं. त्यांतला शिंपल्यासारख्या कवचाचा एक प्राणी आज सायक्लेस्थेरिया हिस्लोपाय म्हणून ओळखला जातो. पाणपिसूचं कूळ कुठून फुटलं याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना हा प्राणी तिचा सर्वांत जवळचा नातलग आढळला. तोही नराविना पिल्लं देतो आणि ती कवचात सांभाळतो. म्हणजे पाणपिसवांच्या वंशावळीतला एक महत्त्वाचा दुवा विदर्भातल्या पाण्यातून शास्त्राला मिळाला आहे.

आता माझी मागणी. राज्यात 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चालू आहे. तलावांचा गाळ निघतो, साठा वाढतो, शेताला सुपीक माती मिळते. योजना चांगली आहे आणि ती चालावी. पण जो गाळ आपण एका उन्हाळ्यात उपसतो, त्यात अनेक दशकांचा जिवंत दस्तऐवज असू शकतो. जो तलाव दर उन्हाळ्यात आटतो आणि ज्याच्या तळात गुरं फिरतात, तिथले थर कालवलेले असणार, त्यांचा उपयोग नाही. पण बारमाही, खोल पाण्याचे जुने तलाव आपल्याकडे आहेत. मुंबईचा विहार तलाव 1860चा, तुळशी 1879चा. विदर्भात मालगुजारी तलाव आहेत. लोणारच्या सरोवरातून गाळाचे गाभे काढून हजारो वर्षांच्या पावसाचा इतिहास वाचला गेला आहे, म्हणजे तंत्र आपल्याला परकं नाही. गाळ काढण्याआधी सर्वांत खोल जागेतून एक-दोन गाभे काढावेत, थर वेगळे करून अंधारात, थंड जागी ठेवावेत आणि जवळच्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे सोपवावेत, अशी अट जलसंधारणाच्या कामांत घालता येईल. 1952 साली भारतात तिलापिया मासा आला, त्यानंतर आपल्या पाणपिसवांचं वर्तन बदललं का? रासायनिक खतांचा वापर वाढला तेव्हा काय झालं? आपल्या उबदार गाळात अंडी किती वर्षं तग धरतात? यातला प्रत्येक प्रश्न एका पीएचडीचा आहे, आणि प्रत्येकाचं उत्तर इथल्याच पाण्यातून यायला हवं.

सभागृहात अभियंते आहेत, नगरसेवक आहेत, प्राध्यापक आहेत. तुमच्या गावच्या तलावात यंदा यंत्र उतरणार असेल, तर त्याच्या आदल्या आठवड्यात एक नाव, एक पारदर्शक नळ आणि दोन विद्यार्थी तिथे पाठवा.